वाकलेल्या नळीचा रणगाडा

"वाकली! रिना, धावत ये! नळी वाकली!"

हर्षाची हाक ऐकून रिना हातातला चिवडा टाकून धावली, आणि विक्की तो चिवडा उचलून तिच्या मागे धावला. माजरी गावच्या वाचनालयात काचेच्या कपाटापुढे हर्षा डोळे विस्फारून उभी होती. वरच्या फळीवर वीतभर लांबीचा, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेला टी-५५ रणगाडा होता. त्याच्या तोफेची नळी वाळलेल्या भेंडीसारखी खाली लोंबत होती. एका बाजूची चाकं तर एकमेकांना चिकटून गोळा झाली होती! शेजारच्या विमानाचा पंखही वाकला होता.

हा रणगाडा गुणवंतरावांचा. ते सैन्यातून रिसालदार म्हणून निवृत्त झालेले. एकाहत्तरच्या लढाईत ते खराखुरा टी-५५ चालवायचे. अख्खी माजरी त्यांना आबाजी म्हणायची. लढायांच्या इतिहासाची पुस्तकं आणि रणगाड्यांची, विमानांची मॉडेलं त्यांनी हौसेनं जमवली होती, आणि आता सगळं वाचनालयाला देऊन टाकलं होतं. महाराष्ट्र दिनाला त्याचं प्रदर्शन भरणार होतं. त्यांचे हात आता थरथरायचे, म्हणून सुट्टी लागल्यापासून हर्षाच त्यांचे हात झाली होती. ते सांगायचे, ती चिमट्यात तुकडा धरून चिकटवायची. एवढ्याचसाठी कपाटाची एक किल्ली तिच्या गळ्यात असायची आणि त्या किल्लीचा तिला भारी अभिमान होता.

दुसरी किल्ली ग्रंथपाल हेमराजभाऊंकडे. आरडाओरडा ऐकून ते आलेच.

"काय केलं वं पोरी हे?"

"मी काई नाई केलं, भाऊ!"

"मंग कोणं केलं? आठ दिवस मी चिमूरले साळ्याच्या लग्नात. वाचनालय बंद. जाताना सगळं झकास होतं. तूच तो तुहा डिंक लावत बसते!"

हर्षाची नजर त्या चिकटलेल्या चाकांवर गेली. मॉडेलचा डिंक साधा नसतो. तो प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि मग जोडतो. वाचनालय बंद व्हायच्या आदल्या दिवशी एक निसटलेलं चाक तिनं खरंच चिकटवलं होतं. जास्त तर नव्हता लागला?

आबाजी आले. रणगाडा त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते रागावले नाहीत.

"किल्ली हेमराजजवळ दे, बाई," एवढंच म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

कॉलनीतल्या कडुलिंबाखाली तिघांची बैठक बसली. हर्षा रडत होती, आणि रडते म्हणून स्वतःवर चिडतही होती.

"मी सांगतो, खाणीतल्या ब्लास्टिंगनं झालं," विक्की म्हणाला. त्याचे बाबा खाणीत कामाला होते, त्यामुळे गावातल्या कुठल्याही घटनेला तो ब्लास्टिंगच कारणीभूत धरायचा.

"येडा हाय काय बे? धक्क्यानं नळी तुटन, वाकन कशी?" रिना म्हणाली.

"मंग ऊन. एवढं ऊन हाय, माही चप्पल डांबराले चिकटते!"

हर्षानं डोळे पुसले. "थांबा. डिंक मी रणगाड्याच्या एका चाकाले लावला. पण बाजूच्या विमानाचा पंखही वाकला ना! त्याले तर मी हातच नाई लावला."

"हव!" रिना ताडकन उठली. "आन् रणगाड्याच्या पाठीवर तो गोल खड्डा कायचा? गोटी रुतल्यावाणी?"

हर्षानं नकळत बोटं नाकाशी नेली. सकाळी रणगाडा उचललेली तीच बोटं. वास अजून गेला नव्हता.

"रिना, हुंगून पाह्य. ओळखीचा वास हाय."

रिनानं हुंगलं. "माह्या आजीच्या ट्रंकेचा वास... डांबरगोळ्या!"

तिघं धूम पळत वाचनालयात! हेमराजभाऊ कूलरपुढे पेपर वाचत होते.

"भाऊ, कपाटात डांबरगोळ्या टाकल्या काय तुम्ही?"

"टाकल्या ना, मूठ मूठ. प्रत्येक फळीवर! पुस्तकाले कसर लागू नये म्हणून. सकाळी आल्या आल्या अंधारात चाचपून काढूनही घेतल्या." भाऊ छाती फुगवून म्हणाले. "एवढी भारी पुस्तकं हायेत, काळजी नको काय घ्यायले?"

"त्यानंच प्लॅस्टिक वितळलं!"

"डांबरगोळीनं? ह्या! माह्या घरी जलमभर कपड्यात गोळ्या हायेत, एक सदरा वितळला नाई. पळा इथून!"

भाऊंचं काही चुकत नव्हतं तसं. पुस्तकांची काळजी घेणारा माणूस डांबरगोळ्याच टाकणार! पण पुस्तकं आणि मॉडेलं एकाच कपाटात राहतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

हर्षाची नजर भाऊंच्या खिशातल्या पेनावर गेली. स्वस्तातला, पारदर्शक, मॉडेलसारख्याच कडक प्लॅस्टिकचा पेन. तिचे डोळे चमकले.

"भाऊ, इतका भरोसा हाय, तर तुमचा पेन द्या. आमच्या डब्यात गोळ्यांसोबत ठेवू. कुलूप तुमचं, किल्ली तुमच्याजवळ!"

"घे! दोन पेन घे!" भाऊ हसले.

मॉडेलचे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीतून तोडून काढतात, त्या रिकाम्या चौकटीचे दोन तुकडे हर्षानं आणले. एक पेनासोबत डब्यात गेला, दुसरा विक्कीच्या घराच्या टिनाच्या छपरावर भर उन्हात. मग वाट पाहणं आलं. आबाजींच्या घरावरून जाताना हर्षा मान खाली घालून जायची. त्यांची खिडकी उघडी असायची, पण हाक यायची नाही.

अखेर भाऊंनी सगळ्यांसमोर कुलूप उघडलं. चौकटीचा तुकडा चिकट झाला होता. पेन तर गोळ्यांना असा चिकटला होता की भाऊंनी ओढला तेव्हा तीन गोळ्या त्याच्यासोबत वर आल्या!

"माहा पेन!" भाऊ किंचाळले.

विक्कीनं खिशातून टिनावरचा तुकडा काढला. सरळ आणि कडक! "म्हणजे ऊनही नाई आन् ब्लास्टिंगही नाई," तो जरा नाराजीनंच म्हणाला.

हेमराजभाऊ माणूस भला. तो डबा आणि तिघांना घेऊन ते तसेच आबाजींच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. आबाजी स्वतः बाहेर आले.

"मी तुले विचारलंच नाई, हर्षा. न विचारता किल्ली काढून घेतली. माहं चुकलं." भाऊंकडून किल्ली घेऊन त्यांनी ती तिच्या गळ्यात घातली. हर्षाला पुन्हा रडू आलं, पण या वेळी ती स्वतःवर चिडली नाही.

"पण रणगाडा तर गेला," भाऊ म्हणाले. "असा तुटका पाहुण्याइले कसा दाखवाचा?"

हर्षा विचारात पडली. "आबाजी, चाकं चिखलात लपवली तं?"

आबाजी एकदम हसायला लागले. "अवं, तसंच झालं होतं! नाल्यात रुतला होता माहा रणगाडा. दिवसभर. बाकीचे पुढं गेले, आन् मी फावड्यानं चिखल काढत बसलो. पुस्तकात कुठी नाई छापलं ते!"

मग काय! विक्कीनं शेतातली काळी माती आणली, रिनानं तिच्यात साधा डिंक कालवला. वितळलेली चाकं चिखलात गडप झाली. हर्षानं रिकाम्या रिफिलची नवी नळी बसवली, आणि एवढंसं फावडं घेतलेला प्लॅस्टिकचा सैनिक बाजूला उभा केला.

महाराष्ट्र दिनाला सगळ्यात जास्त गर्दी त्या रणगाड्यापुढेच झाली. उद्घाटनाला आलेल्या मुख्याध्यापिका सत्यशीलाबाईंनी तिघांची पाठ थोपटली. "पुरावा दिला, नुसतं भांडत बसला नाहीत! शाबास!" हेमराजभाऊंनी नवं कपाट आणून पुस्तकं वेगळी ठेवली होती, आणि आता येईल त्याला ते स्वतःच पेनाची गोष्ट सांगत होते.

एका लहान पोरानं काचेला नाक लावलं. "आबाजी, हा रणगाडा चिखलात फसला कसा?"

आबाजींनी थरथरता हात हर्षाच्या खांद्यावर ठेवला.

"फसवला मी," ते म्हणाले. "बाहेर काढला हिनं."