मापासाठी उभी

"जरा त्या दगडाला टेकून उभी राहशील?"

चिरीनो व्हेनेराशी बोलला ते हे पहिलं वाक्य. यात प्रेमाचं काही नव्हतं, हे कुणीही सांगेल. भूगर्भशास्त्राची पोरं एटना ज्वालामुखीवर शिबिराला आली की फोटोत दगडाशेजारी काहीतरी ठेवतातच. हातोडी, हातमोजा, नाहीतर माणूस... म्हणजे दगड केवढा ते कळतं.

ती उभी राहिली. त्याने फोन डोळ्यांसमोर धरला, मग जरासा खाली घेतला आणि वरून बघत राहिला – अंमळ जास्तच.

"उंची?"

"एक मीटर बावन्न. हसायचं नाही!"

"बरंय की, दगड मोठा दिसेल," तो म्हणाला आणि हसलाच.

त्या हसण्यावर व्हेनेराचा जीव जडला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने तिला एकदाही उभं केलं नाही.

उभी राहायची ती जिनेव्रा. दूर उत्तरेहून, पादोव्हाच्या विद्यापीठातून आलेली, उंच, सोनेरी केसांची. लाव्ह्याच्या भिंतीशी जिनेव्रा, जुन्या विवराच्या काठावर जिनेव्रा. "जिनेव्रा, जरा डावीकडे... अस्सं!" ऐकून व्हेनेराच्या अंगाचा तिळपापड होई.

"तिची उंची किती लिहिलीस?" एकदा तिने विचारलंच.

"एक शहात्तर."

"त्यातले बुटांचे चार सेंटिमीटर वजा कर. नाहीतर अख्खा डोंगर चुकेल."

"माझ्या डोंगराची बरी काळजी तुला!"

"डोंगराचीच आहे," ती फणकारली.

तिसऱ्या दिवशी वरून राख पडू लागली. काळी, बारीक, दातांखाली कचकचणारी. सगळ्यांनी छत्र्या उघडल्या. चिरीनोने मात्र आधी जिनेव्राच्या केसांतली राख फुंकून काढली. व्हेनेरा बघत राहिली. तिचे केस काळेभोर. त्यात टोपलीभर राख पडली तरी कुणाला दिसणार होती? त्या दिवशी तिला आपल्या केसांचाही राग आला.

शेवटच्या दुपारी सगळे दगडांवर बसून अरांचिनी, म्हणजे भाताचे तळलेले गोळे, खात होते. जिनेव्रा सहज म्हणाली, "चिरीनोला आमच्याकडे जागा मिळतेय, पुढच्या वर्षासाठी. शिबिराच्या प्राध्यापक बाईंना आज होय-नाही सांगायचंय त्याला."

व्हेनेराने हातातला घास तसाच खाली ठेवला. ती तडक उठली. चिरीनो एका उंच खडकापुढे एकटाच उभा होता.

"जा, जा पादोव्हाला!" ती म्हणाली. "तिथे उंच मुली भरपूर. मापाला कमी पडायच्या नाहीत!"

"अगं, काय झालं?"

"मी बुटकी आहे म्हणून मला उभं करत नाहीस ना? स्पष्ट सांग. मला वाईट वाटणार नाही." तिचे डोळे भरून आले होते. राखेमुळे, असं तिने ठरवून टाकलं.

चिरीनोने मान खाली घातली. "तुझ्या त्या फोटोवरून बाईंनी मला धुतला. म्हणाल्या, दगड सगळा धूसर, आणि मुलीच्या पापण्या मोजून घ्याव्यात! हा अभ्यास आहे का? ... तू उभी राहिलीस की मला दगड दिसत नाही, व्हेनेरा. जिनेव्रा असली की फक्त दगडच दिसतो."

व्हेनेराचा हात नकळत आपल्या पापण्यांकडे गेला. मग तिला आठवलं, की आपण रागावलो आहोत.

"आणि तिच्या केसांतली राख?"

"तिला दमा आहे गं. राखेने धाप लागते."

"हं. आणि पादोव्हा?"

"सकाळीच नाही म्हटलं. तिथे ही एटना कुठेय?" त्याने धुमसणाऱ्या शिखराकडे बोट केलं.

"म्हणजे हिच्यासाठी थांबलास!"

"झालं! आता डोंगराचाही हेवा?" तो हसत जवळ आला. "माझं नशीबच असं. मला धुमसणाऱ्याच आवडतात. एक ती... आणि एक तू."

पुढचं काही त्या खडकाने ऐकलं असेल तेवढंच.

खडकाचा फोटो अखेर जिनेव्राने काढला. बाईंनी तो परत पाठवला, कारण मापासाठी त्यात दोन माणसं उभी होती, आणि त्यातलं एक चवड्यांवर.