पिंजूची पांढरी कूस

लडाखमधल्या हेमगिरी संशोधन केंद्रात त्या सकाळी काळीकुळकुळीत कुत्री ऐटीत रांगेत बसली होती, आणि टोकाला बसलेला पिंजू सगळ्यांची अब्रू घालवत होता. अर्धा काळा, अर्धा पांढरा! वर शेपटी हलवतोय, जणू बक्षीसच मिळणार आहे.

"हा असा काय?" नागपूरहून तपासणीला आलेल्या डॉ. कुमुद तांबे यांनी चष्मा सारखा केला.

मुक्ता घारपुरे लगबगीनं पुढं झाली. या कुत्र्यांची जनुकं तिनं घडवली होती.

"बाई, ही शीतरंगी जात. केसांना रंग देणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आम्ही असं बदललंय, की ते फक्त गारठ्यात काम करतं. कातडी थंड पडली की केस काळे येतात. रोज तास-दीड तास जरी ऊब मिळाली, तरी तिथं रंग धरत नाही."

"म्हणून पिलं जन्मतः पांढरी?"

"आईच्या पोटात कुठला आलाय गारठा! मोठी होताना थंडी लागते तशी काळी पडतात. पुढं बर्फात गाडलेली माणसं शोधायला गेली, की यांना घातलेला अंगरखा कुठं अपुरा पडतोय ते यांचे केसच सांगतील. चाचणीसाठी म्हणून अख्खा हिवाळा यांना बिनशेगडीच्या घरात ठेवलं."

"मग याचं विकर बिघडलंय. आणि एकात बिघाड म्हणजे अख्खी वीण बाद. प्रकल्प बंद करावा लागेल, मुक्ता."

मुक्ताचे डोळे भरून आले. ही सगळी कुत्री आता कुठे जाणार?

"किंवा," बाई तिच्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "कुणीतरी लाड केलेत."

"छे छे, मुक्ता तसं करणार नाही," केंद्रप्रमुख डॉ. विश्राम सातपुते घाईघाईनं म्हणाले. पिलांना कुशीत घेऊ नये, ही पाटी त्यांनीच स्वतःच्या हातानं दारावर ठोकली होती.

"इतकी खात्री?"

सरांना एकदम ठसका लागला.

मुक्तानं पिंजूला टेबलावर चढवलं. डावी कूस पांढरीशुभ्र. उजवी काळी, फक्त पाठीकडून बरगड्यांवर आलेला एक आडवा पांढरा पट्टा. बिघाड असता तर ठिपके कुठेही उठले असते. इथं तर कडा रेखल्यासारख्या!

"बाई, हा रोज डाव्या कुशीवर झोपतो, उबदार जागी. आणि पाठीमागून अंगावर कुणाचा तरी हात असतो." तिनं आपला हात पट्ट्यावर ठेवून पाहिला. पट्टा रुंद होता. "पुरुषाचा हात. म्हणजे तो माणूसही डाव्या कुशीवरच झोपतो. रोज, न चुकता, तास-दीड तास."

बाईंच्या ओठांवर हसू आलं. "अहो सातपुते, जेवणानंतर तुम्हाला फोन केला की काय सांगतात हो? साहेबांची वामकुक्षी चालू आहे!"

पिंजूनं टेबलावरून उडी मारली, थेट सरांच्या पायांपाशी जाऊन डाव्या कुशीवर लवंडला आणि वर पाहू लागला.

"पहिल्याच थंडीत माझ्या दारात येऊन कुडकुडत उभा राहिला हो," सर पुटपुटले. "म्हटलं, आजचा दिवस. मग रोजच आजचा दिवस व्हायला लागला."

"सर!" मुक्ता रडता रडता हसायला लागली. "म्हणजे विकर अगदी ठणठणीत आहे! जिथं ऊब, तिथं पांढरं!"

"वीण पास," बाई म्हणाल्या. "पण कामावर घेण्यापूर्वी हाही काळा झालेला दिसला पाहिजे. येत्या हिवाळ्यात जुने केस झडतील. तेवढा हिवाळा याला एकट्याला झोपू द्या, की झालं. जमेल ना?"

सरांनी पिंजूकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटायला लागले होते.

"नाही जमणार," सर म्हणाले. "नापास लिहा."

"कुणाला? कुत्र्याला?"

"छे हो, त्याचं काय चुकलं? मला लिहा." आणि त्यांनी पिंजूला सगळ्यांदेखत उचलून कुशीत घेतलं.