सतरा नंबरची रेकॉर्ड

"थांब, थांब! सुई उचल! ही ती नाहीच!" पल्लवी ओरडली.

योगेंद्रनं दचकून हात मागे घेतला. प्लेअरवर फिरणाऱ्या रेकॉर्डमधून सनईचे सूर येत होते. लग्नाच्या मांडवात वाजते तशी सनई!

"मस्त आहे की!" योगेंद्र म्हणाला. "कुणाचं लग्न आहे?"

"तुझं!" प्रियांका म्हणाली. "नवरीला कळायच्या आत पळून जा!"

पण पल्लवी हसली नाही. तिनं सुई अलगद उचलली आणि रेकॉर्ड हातात घेतली. लेबलावर हिरव्या शाईनं बावीस आकडा लिहिला होता. पाकिटावर मात्र त्याच हिरव्या शाईत सतरा लिहिलं होतं.

"पंडितबाबांकडून असं कधी होत नाही," ती म्हणाली. "कधीच नाही!"

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत पंडितबाबांच्या रेकॉर्डी सगळ्यांना ठाऊक होत्या. बाबांनी पस्तीस वर्षं सुरतेत माग चालवले होते. मागांच्या खडखडाटानं त्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजव्यात थोडीशी धुगधुगी उरली होती. तरी सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात जाऊन एकेक रेकॉर्ड शोधून आणायची त्यांची हौस काही गेली नव्हती. चौसष्ट रेकॉर्डी होत्या त्यांच्याकडे. प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीला पाकीट. ऐकताना ते प्लेअरच्या लाकडी पेटीवर तळवा टेकवून बसायचे आणि कानाला पोहोचत नाही ते हाताला लागतं, असं म्हणायचे.

तेरा वर्षांच्या पल्लवीला हा नाद त्यांनीच लावला होता. तिच्या स्वतःच्या चार रेकॉर्डी होत्या आणि एक वही होती. कुठली रेकॉर्ड कधी ऐकली, त्यात काय सापडलं, हे ती त्यात लिहायची. वहीतला तिचा सगळ्यात आवडता शोध म्हणजे सतरा नंबर. आज मे महिन्याच्या सुट्टीत कामरेजहून तिचा मावसभाऊ योगेंद्र आला होता आणि शेजारच्या प्रियांकालाही घेऊन ती त्याला तीच ऐकवायला आली होती.

"एवढं काय आहे त्या सतरा नंबरात?" योगेंद्रनं विचारलं.

"आपल्या गल्लीतल्या बायका गायल्यात त्यात! चाळीस वर्षांपूर्वी कामगारांच्या मंडळानं काढली होती. थोड्याच प्रती निघाल्या. कुणाच्या हरवल्या, कुणाच्या पुरात गेल्या. आता ही एकच उरलीय. त्यात पुढे गातात त्या रुक्मिणीआजी, पंडितबाबांच्या बायको. त्यांना जाऊन चार वर्षं झाली."

एवढ्यात पंडितबाबा पाण्याचा माठ भरून आत आले. पल्लवीनं त्यांच्या उजव्या कानाजवळ जाऊन मोठ्यानं सगळं सांगितलं. बाबांनी रेकॉर्ड उजेडात धरून पाहिली आणि ते हळूच खाटेवर बसले.

"आठ दिवस मी रोज सकाळी लेबल न बघता हीच लावतोय," ते म्हणाले. "वेगळी लागतेय असं वाटत होतं हाताला. म्हटलं, राहिलेला कानही गेला आणि आता हातही दगा देतोय."

मग पल्लवी एकदम उठली.

"सगळ्या काढा बाहेर! एकेक करून लावूया!"

तिघांनी जमिनीवर चादर पसरली. योगेंद्र रेकॉर्ड काढून नंबर सांगायचा, प्रियांका पाकीट शोधायची आणि पल्लवी दोन्ही ताडून पाहायची. पाच नंबरच्या पाकिटात पन्नास होती, अकरामध्ये नऊ. पत्ते पिसावेत तसं कुणीतरी सगळं पिसून ठेवलं होतं! तासाभरात चादरीवर रांगा लागल्या आणि शेवटी तीन लहान पाकिटं रिकामी उरली. सतरा, एकतीस आणि चाळीस.

"तीन गायब!" योगेंद्र म्हणाला. "चोरी! पोलिसांना कळवूया!"

"चोर पाकीट ठेवून रेकॉर्ड कशाला नेईल?" प्रियांका म्हणाली. ती पाकिटं नाकाशी धरून पाहत होती. "आणि हे बघा. प्रत्येक रिकाम्या पाकिटावर पिवळा अंगठा उमटलाय."

तिघांनी एकदम भिंतीकडे पाहिलं. भिंत कोरी करकरीत पिवळी होती!

"बाबा, रंग कधी दिला?"

"गेल्या रविवारी. प्रवीणनं दिला. मला दिवसभर समोरच्या सरलाबाईंकडे बसवून ठेवलं होतं, धुळीनं खोकला येतो म्हणून."

प्रवीण म्हणजे बाबांचा पुतण्या. मनानं चांगला, पण कामात कमालीचा धांदरट. तो बाहेर मोटरसायकलवर बसून मोबाइल पाहत होता.

"रेकॉर्डी? मी हातसुद्धा लावला नाही!" तो मान वर न करता म्हणाला.

पल्लवी काही बोलणार, तेवढ्यात प्रियांकानं तिचा दंड दाबला.

"तसं नाही, प्रवीणदादा. रंग एकदम झक्कास झालाय, तेच सांगायला आलो होतो. कोपरे तर काय सुंदर काढलेत!"

"मग! दोन हात मारलेत," प्रवीण खुलला.

"फक्त त्या चार रेकॉर्डी तेवढ्या सापडत नाहीयेत."

"चार कुठल्या? तीनच तर होत्या!"

बोलून गेला आणि प्रवीणनं जीभ चावली. योगेंद्रनं तर आनंदानं उडीच मारली.

"अरे, मी मुद्दाम नाही केलं," प्रवीण खाली उतरत म्हणाला. "गठ्ठा उचलायला गेलो, तो हातातून सटकला. सगळ्या रेकॉर्डी घरभर! घाईघाईत जमेल तशा भरल्या. नंतर पलंगाखाली तीन लहान सापडल्या, तोवर काका दारात आले होते. काकांना कळलं असतं, तर त्यांनी जेवण सोडलं असतं. म्हणून रद्दीबरोबर देऊन टाकल्या सुपडूकाकांना."

"प्रवीणदादा!" पल्लवीचा आवाज चिरकला. "त्यात रुक्मिणीआजी होत्या!"

प्रवीणचा चेहरा पडला. "काकूची रेकॉर्ड? ती होती त्यात?" त्यानं लगेच मोटरसायकलला किल्ली लावली. "बसा मागे!"

"चौघं एका गाडीवर? नको!" प्रियांका म्हणाली. "आम्ही सायकलनं जातो. तू बाबांना खरं काय ते सांग."

प्रवीणला गाडी चालवणं त्याहून कितीतरी सोपं वाटलं असावं. पण तो घराकडे वळला.

सुपडूकाकांची भंगाराची वखार दिंडोलीच्या रस्त्यावर होती. ऊन मी म्हणत होतं. काका ताडपत्रीच्या सावलीत वर्तमानपत्रं बांधत बसले होते.

"काळ्या थाळ्या ना? आल्या होत्या खऱ्या," ते म्हणाले. "एक तर इथंच गोणीखाली येऊन फुटली, पोरांनो. हे बघा."

त्यांनी पत्र्याच्या डब्यातून दोन तुकडे काढले. पल्लवीनं श्वास रोखून तुकडे जुळवले. हिरव्या शाईत एकतीस! तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. एकतीसमध्ये बासरी होती.

"आणि दोन?"

"त्या जयश्रीबेननं नेल्या. त्या जुन्या थाळ्यांची घड्याळं करतात. फाटकापलीकडे गाळा आहे त्यांचा, साडीच्या लेस कापायचा. पण लवकर जा. आजपासून मशीनवर हत्ती नि मोर कापणार म्हणत होत्या."

"रेकॉर्डचा हत्ती?" योगेंद्रनं डोळे विस्फारले.

पुढचं ऐकायला पल्लवी थांबलीच नाही. ती आणि प्रियांका एका सायकलवर, योगेंद्र दुसरीवर. फाटक बंद होतं. मालगाडी संपता संपेना. योगेंद्र डबे मोजत होता आणि पल्लवी मनातल्या मनात गाडीला शिव्या घालत होती.

गाळ्याचं दार अर्धं उघडं होतं. आत लेसर मशीन होतं, काचेच्या झाकणाचं. शेजारी लेसच्या रिळांचे ढीग होते. एका टेबलावर आकडे चिकटवलेलं लहानसं घड्याळ ठेवलेलं होतं आणि मशीनसमोर एक कामगार उभा होता.

"ए, आत नाही यायचं!" तो म्हणाला. "काय पाहिजे?"

"काका, त्या रेकॉर्डी आमच्या बाबांच्या आहेत. चुकून इथं आल्या!"

"हे मले नको सांगू. मी काशिनाथ, मशीन चालवतो. बेन चार वाजता येतील, त्यांना विचारा. मले तोवर दहा हत्ती काढायचे आहेत."

पल्लवीनं टाचा उंचावून पाहिलं. झाकणाखाली मशीनच्या जाळीवर लाल लेबलाची लहान रेकॉर्ड ठेवलेली होती. लेबलावर हिरवा सतरा! आणि काशिनाथकाकांचं बोट बटणाकडे निघालं होतं.

"काका, फक्त पाच मिनिटं!"

"पाच मिनिटांत एक हत्ती होतो, पोरी."

"काका, या मशीनवर रेक्झिन कापता का तुम्ही?" योगेंद्रनं अचानक विचारलं.

पल्लवीला वाटलं, याचं डोकं उन्हानं फिरलं! पण काशिनाथकाकांचं बोट थांबलं.

"रेक्झिन? छे छे! त्याला मनाई आहे."

"का मनाई आहे?"

"धूर विषारी सुटतो त्याचा. छातीत जातो, आणि मशीनलाही गंज चढतो. पण तुला कसं ठाऊक?"

"माझे पप्पा कामरेजला हेच मशीन चालवतात. त्यांच्या इथं एकानं गुपचूप रेक्झिन कापलं होतं. लेन्स गेली आणि तो दोन दिवस खोकत होता! पल्लवी, रेकॉर्ड कशाची असते गं?"

आता पल्लवीच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी तिला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "जुन्या जड रेकॉर्डी लाखेच्या असतात. पण या अशा, वाकणाऱ्या, त्या पीव्हीसीच्या!"

"आणि रेक्झिनमध्ये काय असतं, काका?" योगेंद्रनं विचारलं.

काशिनाथकाकांनी बोट मागे घेतलं. मग मुख्य बटणच बंद केलं आणि झाकण उघडून जाळीवरची रेकॉर्ड उचलून ठेवली.

"पीव्हीसी," ते हळूच म्हणाले. "आन् मी अख्खा दिवस इथंच नाक घालून बसणार होतो." त्यांनी खिशातून फोन काढला. "बेन, जरा लगेच या. नाही, मशीन ठीक आहे. ठीक राहावं म्हणूनच या."

जयश्रीबेन दहा मिनिटांत स्कूटरवरून आल्या. आल्या त्या रागातच.

"काम बंद? कुणाच्या सांगण्यावरून? या छोकऱ्यांच्या?"

"बेन, पोरगं खरं बोलून राहिलं," काशिनाथकाका म्हणाले. "मशीनवाल्या कंपनीला विचारा पाहिजे तर."

जयश्रीबेननी तिथूनच फोन लावला. पलीकडचं ऐकता ऐकता त्यांचा आवाज खाली आला. "अच्छा. बिलकुल नहीं? अच्छा." फोन ठेवून त्या मुलांकडे वळल्या.

"मी डिझाइन बघितलं, माल कशाचा आहे ते बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "काशिनाथभाई, तुमच्या छातीत गेलं असतं हे. चूक माझी. पण ही रेकॉर्ड तुमचीच, हे कशावरून?"

पल्लवीनं पिशवीतून दोन रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. एकावर हिरवा सतरा आणि त्याखाली तीन बायकांची नावं. जयश्रीबेननी लेबल वाचलं, पाकीट वाचलं. अक्षर तेच, शाई तीच.

"यातल्या पहिल्या आमच्या बाबांच्या बायको होत्या," पल्लवी म्हणाली. "त्यांचा आवाज दुसरा कुठेच नाही."

जयश्रीबेननी टेबलावरचं लहान घड्याळ उचललं, मागचं यंत्र फिरवून काढलं आणि आकडे नखानं एकेक करून सोडवले. ती चाळीस नंबरची होती.

"घेऊन जा दोन्ही. आणि हे बघ, यापुढे थाळी आली की आधी तुला फोटो पाठवेन. तू हो म्हणशील तेव्हाच घड्याळ. बरोबर ने?"

"बरोबर!" तिघं एका सुरात म्हणाली.

संध्याकाळी पंडितबाबांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रवीण कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्यानं सगळं कबूल केलं होतं आणि बाबांनी त्याला एवढंच म्हटलं होतं, "लपवायला नको होतंस रे." चार घरं पलीकडच्या भागीरथीआजींना प्रियांका हाताला धरून घेऊन आली. त्या रेकॉर्डवरचं दुसरं नाव त्यांचंच होतं.

पल्लवीनं सुई टेकवली. आधी खरखर, मग एक चरा आणि टक्‌कन एक आवाज. आणि मग रुक्मिणीआजींचा खणखणीत सूर खोलीभर झाला. शेतातून माहेरी निघालेल्या बाईचं गाणं होतं ते. पंडितबाबांनी पेटीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवेना म्हणून पल्लवी फिरत्या लेबलाकडे पाहत राहिली.

गाणं संपलं. बाबांनी तिघांना जवळ बोलावलं.

"मी चाळीस वर्षं रेकॉर्डी गोळा केल्या," ते म्हणाले, "पण गेलेली परत आणणं मला नसतं जमलं. पल्लवीचा कान, प्रियांकाची नजर, आणि योगेंद्र, तुझं डोकं! शाबास रे पोरांनो!"

"आणि काका, बासरीची एकतीस मी शोधून आणतो," प्रवीण पुटपुटला. "दर शनिवारी जुन्या बाजारात जाईन."

"बघून आण हो!" प्रियांका म्हणाली. "घाईत रेकॉर्डऐवजी चाळण आणशील!"

सगळे हसले. भागीरथीआजी मात्र हसल्या नाहीत. त्या अजून प्लेअरकडेच पाहत होत्या.

"पण हाई गानं पुरं नही शे," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या.

"म्हणजे, आजी?"

"त्या रेकॉर्डवाल्यानी हात वर कया, म्हणे बस, टाइम संपना. आजून दोन कडवा बाकी व्हतात. माहेरले ती बाई पोचनीच नही!"

प्रियांकानं घाईघाईनं फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. आजींनी पदर सावरला, घसा खाकरला आणि चाळीस वर्षांपूर्वी तुटलेलं गाणं तुटलं तिथून पुढे सुरू केलं. आवाज थरथरत होता, पण सूर पक्का होता. गाण्यातली बाई नदी ओलांडून गेली, वेशीवर थांबली, आणि शेवटच्या ओळीला तिच्या आईनं दार उघडलं.

पल्लवीनं लगेच विचारलं, "आजी, अशी आणखी गाणी येतात तुम्हाला?"

"बावीस!" आजी म्हणाल्या. "कोन्ही कधी इचारंच नही."

"बावीस!" तिघंही ओरडली.

"वरडू नका. सकायमा या, माले आते भूक लागनी," आजी उठत म्हणाल्या. "आणि प्रियांकाले सांगा, फोन चार्ज करीसन आन."