आखूड टेप

नागापूरच्या कारखान्यात नोकरीच्या पहिल्याच सकाळी लीनाच्या हातून कागदी टेपचं भेंडोळं निसटलं आणि गरगरत थेट एका मशीनपाशी जाऊन थांबलं. ते उचलून देत ते मशीन चालवणारा कोल्हारचा गहिनीनाथ हसला, "बाई, टेप तुमच्याआधीच कामाला लागली की!"

तेव्हापासून त्याच्याकडे टेप पोचवायला ती स्वतःच जाई.

टेप म्हणजे मशीनची वाट. तिच्या भोकांबरहुकूम कटर चाले. मशीनला गोल वळता येत नाही. बारीक सरळ पावलं टाकत ते गोलाई कापतं. कितपत फरक चालेल, तो टॉलरन्सचा आकडा लीना लिही आणि त्यावरून मुंबईचा कॉम्प्युटर टेप तयार करी. आकडा लहान, तर पावलं बारीक आणि टेप लांब. आकडा मोठा, तर पावलं लांब, टेप आखूड... आणि फुगीर काठावर कटर आत घुसलाच म्हणून समजा!

एके दुपारी टेप देऊन ती जागेवर बसली आणि तिला शंका आली. एवढ्या गोलाईला इतकी आखूड टेप? तिने कागद उघडला. शतांशाच्या जागी दशांश!

ओतीव नग एकच होता. तो बिघडला तर गहिनीनाथची कच्ची नोकरी गेलीच. आणि बोलावं तर स्वतःची... पण तो आधी कटर उचलून हवेत फिरवून बघतो. बघेल ना?

तिने मान वळवली. कटर नगाकडे उतरत होता.

"थांबवा! अहो, थांबवा ना!"

त्याने बटण दाबलं. कटर बोटभर वर थांबला.

"आकडा चुकला माझा... पण तुम्ही हवेत फिरवून का नाही पाहिलं?"

"तुमची टेप हुती," तो खाली बघत म्हणाला. "तुमची असली की मी तपासतच न्हाई... लई दिसांपास्नं."

"वेडे आहात!"

"व्हय. आत्ता कळलं?"

एवढ्यात सुमंतसाहेब आले. "मशीन का बंद?"

"माझ्याच हातनं, सायेब—"

"नाही," लीना पुढे झाली, "चूक माझी आहे."

साहेबांनी कागद निरखला. "नवी टेप मागवा. पुन्हा असं झालं तर गय नाही."

ते गेल्यावर ती म्हणाली, "यापुढे माझीही टेप तपासायची. मी इथे उभी राहीन."

"रोज?"

"रोज."

"अन् भिंगारला तुमच्या वडलांना, आण्णांना, आपल्याबद्दल काय सांगाल?"

तिचा चेहरा उतरला.

"घाबरतच सांगेन," ती हळूच म्हणाली, "...पण सांगेन."