पंख्याची मूठ

राख उडाली तेव्हा कमळाचं डोकं वच्छलाच्या मांडीवर होतं… आणि उडाली कधी, तर ऐन मंडईच्या दिवशी!

म्हणजे बघा, दिवाळी सरलेली, धान खळ्यावर आलेलं, वडशाला मंडईची जत्रा भरलेली आणि संध्याकाळी नाटक. आळीतल्या झाडून साऱ्या पोरी शिकेकाईने न्हाऊन, ओले केस पाठीवर टाकून सोमाजी कासारांच्या अंगणात हजर! कारण सोमाजींची पोरगी वच्छला. केसांना हात लावावा तर वच्छलानेच. निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालायची, टोपलीवर केस पसरायचे आणि विंझण्याने वारा घालत वाळवायचे, एवढंच तर करायची. पण कुणाचे कसे वाळवायचे ते तिला विचारा! कमळाचे केस रेशमासारखे, निसरडे. ते पुरते वाळूच द्यायचे नाहीत, जरा दमट असतानाच वेणी घालायची, नाहीतर नाटकातला राजा रंगमंचावर यायच्या आत वेणी सुटून खांद्यावर. बुधरीचे दाट, घोंगडीसारखे. वरून कोरडे दिसतात आणि आत पाणी तसंच, म्हणून मुळापासून एकेक पदर उचलून वारा द्यायचा. आणि कुणाचे विरळ असले तर मान खाली घालून उलटे वाळवायचे, की चिमूटभर केसांचा मूठभर अंबाडा!

साऱ्या आळीची डोकी तिच्या हाताखालून जायची. एक तिच्या आईचं सोडून. आशाबाई आपल्या केसांना कुणाला बोट लावू देत नसत. तेल चोपून घट्ट अंबाडा, वर पदर, झालं.

तर कमळाचे केस वाळत आलेले, आणि कुडाच्या पलीकडून — भस्स! करड्या राखेचा लोटच्या लोट. कमळाच्या केसांवर, बुधरीच्या केसांवर, वच्छलाच्या पापण्यांवरसुद्धा.

"कोन हाय रे तिकडं?"

वच्छला उठली ती विंझणा घेऊनच. फाटक ढकलून पलीकडे गेली तर एक पोरगा उकिडवा बसलेला. पुढ्यात कल्हईची भट्टी, बाजूला भांड्यांचा ढीग आणि हातात लोखंडी पंख्याची मूठ. तो पंखा हो… मूठ फिरवली की आतली पाती गरगरतात आणि नळीतून वारा निखाऱ्यांवर जातो, तो.

"डोळे फुटले काय तुहे? पोरी न्हाऊन बसल्या हायेत तिकडं!"

त्याने वर बघितलं… आणि बघतच राहिला. कारण वच्छलाचे स्वतःचे केस तेव्हा मोकळे होते. कुरळे. म्हणजे कसे, तर काकडीच्या वेलाला तणावे फुटतात ना, गोल गोल, तसे. आणि प्रत्येक तणाव्यावर राख बसलेली.

"मले का मालूम पलीकडं पोरी हायेत…"

"मालूम नाई तर वारा काऊन सोडून राह्यला?"

"भांड्यायले कल्हई करून राह्यलो. तुह्याच बापाचे भांडे हायेत."

"मंग माह्या बापाच्या डोक्यावर उडव राख!"

तो हसला. हसायला नको होतं, पण हसला.

"नाव काय तुहं?"

"लटारू. नागभीडचा."

"ऐक लटारू. उद्या पुन्हा राख उडाली ना, तर तुह्या भट्टीत हंडाभर पानी ओतीन."

"ओत. पन केस झटकू नोको," तो हळूच म्हणाला. "राखेत बी चांगले दिसून राह्यले."

कुडामागून कमळा फिस्सकन हसली. वच्छला लाल झाली. रागाने हो! दुसरं काय असणार?

आता हा लटारू जातीतलाच, हंगामापुरता सोमाजींच्या दुकानातली भांडी कल्हई करायला आलेला. दुसऱ्या दिवशी बघावं तर पठ्ठ्याने पत्र्याची लांबच लांब नळी वळून आणली. एक तोंड पंख्याला, मधला भाग निखाऱ्यांच्या पोटातून आणि दुसरं तोंड बाहेर. मूठ फिरवली की नळीतून नुसता गरम वारा! राखेचा कण नाही.

"कालच्या राखेची भरपाई," तो म्हणाला.

वच्छलाने वाऱ्यापुढे तळहात धरला. उबदार… अगदी वासराने हातावर श्वास सोडावा तसा. तिला फार आवडला. म्हणून ती म्हणाली, "नळी वाकडी हाय."

इथपर्यंत सगळं गोड. पण पुढे काय झालं ते ऐका.

वच्छलाला दोन ठिकाणांहून नकार आला होता. आरमोरीवाले म्हणाले, कुरळ्या केसांची पोरगी तापट असते. पवनीवाले म्हणाले, कुरळ्या केसांची पोरगी घर फोडते. आणि खरं सांगू? वच्छला तापट होतीच. पण केसांमुळे नाही, केसांवरून बोलणाऱ्यांमुळे! घरात सोमाजींचं एकच पालुपद. "आमच्या खानदानात असे केस कोनाचेच नाईत. कुठून आनले, देव जाने!" ते असं म्हणाले की आशाबाई पदर आणखी थोडा पुढे ओढत आणि चुलीकडे वळत.

मंडईत ब्रह्मपुरीचे गुणवंतराव भेटले. पोरगा पोस्टात, घर कौलारू. त्यांनी विचारलं, पोरीचे केस कसे? आणि आशाबाई बोलून गेल्या, "सरळ हायेत." झालं! पाहुणे बघायला येणार, आणि त्याआधी केस सरळ झाले पाहिजेत.

टोपलीवर वाळवून ते सरळ होईनात. मग सोमाजींनीच हाक मारली, "लटारू, तुही ती नळी आन."

रोज दुपारी तालीम. वच्छला ओली बट लाकडी फणीवर ताणून धरणार, लटारू मूठ फिरवणार, वारा मुळापासून टोकाकडे. आशाबाई ओट्यावर तांदूळ निवडत पहाऱ्याला. वच्छलाला काय राग यायचा! आईचा, बापाचा, ब्रह्मपुरीचा, पोस्टाचा… आणि सगळ्यात जास्त लटारूचा. इतकं मन लावून कशाला फिरवतो हा?

"जोरात फिरव."

"जोरात फिरवला तर जळन."

"जळू दे. एकदाचे जळून जाऊ दे सगळे!"

पंखा थांबला. "असं नोको बोलू."

"तुले काय? केस माहे हायेत."

"तुहे हायेत… म्हनून तर."

"म्हनून तर काय?"

"काई नाई. लट पकड."

संध्याकाळपर्यंत केस सरळ, चकचकीत, जणू कुणा दुसऱ्याच पोरीचे. आणि सकाळी दहिवरात ती विहिरीवर गेली की पुन्हा गोल गोल तणावे! लटारू भट्टी पेटवता पेटवता बघायचा आणि म्हणायचा, "आले बाप्पा! आपल्या गावाले परत आले." वच्छलाला हसू यायचं. ते दिसू नये म्हणून ती घागर दाणकन आपटायची.

एका दुपारी न राहवून ती म्हणाली, "लगन झाल्यावर रोज कोन फिरवन रे हा पंखा? येशील ब्रह्मपुरीले?"

 लटारूच्या पंख्याचा ताल चुकला. घर्र… घर्र… आणि मग नुसतीच खडखड.

पाहुणे यायच्या दिवशी दाट धुकं. वच्छला पहाटेच न्हाऊन अंगणात येऊन बसली. केसांतून पाणी ठिबकतंय, आशाबाई आत पोह्यांत गुंतलेल्या. लटारूने पंखा आणला, नळी बसवली, निखारे फुलवले… आणि तसाच उभा.

"मूठ कुठी हाय?"

"हरपली."

"कुठी हरपली?"

"ते मालूम असतं तर हरपली कशाले म्हनलो असतो?"

वच्छलाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. बंडीचा एक खिसा खाली लोंबत होता, आत वजन ठेवल्यासारखा.

"खिशात काय हाय?"

"पानाचा डबा."

"तू पान खात नाई."

"आजपासून खातो."

"लटारू, मूठ काढ."

"नाई काढत."

"पाहुन्यायची गाडी येऊन राह्यली! मूठ काढ म्हनते ना!"

"नाई काढत! काऊन काढू?" आणि मग तो जो भडकला… साधा, हसरा लटारू, त्याचा आवाज असा चढलेला कुणी ऐकला नव्हता. "रोज माह्या हातानं तुहे केस सरळ करतो, अन् कोनासाठी? त्याले सरळ केस पायजेत तर सरळ केसाची करन ना! मले हेच पायजेत. राखेतले. त्या दिवशीचे!"

बोलून झाल्यावर तो स्वतःच घाबरला.

केसांतलं पाणी टप टप नळीवर पडत होतं आणि चर्र चर्र वाजत होतं.  वच्छलाच्या छातीत काहीतरी गरगर फिरत होतं, मूठ नसतानाही… आणि मग ती भडकली!

"अन् हे आज सांगून राह्यला? इतके दिवस तोंडात काय कथील भरलं होतं?"

"तू रोज रागात राहत होती…"

"मी रागातच राहते! माहा राग उतरायची वाट पाहशील तर म्हातारा होशील!"

"मंग नाई पाहत वाट," तो म्हणाला.

"नोको पाहू!"

एवढ्यात फाटक वाजलं. पाहुणे.

आशाबाई धावत बाहेर आल्या आणि त्यांच्या हातातलं ताट हललं. कारण वच्छला उठली होती, पदर नीट केला होता, आणि ओलेच, जागच्या जागी वळत चाललेले केस तसेच मोकळे टाकून ती ओसरीवर जाऊन बसलीसुद्धा.

गुणवंतरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हे काय? आमाले तर सरळ सांगतले होते."

"खोटं सांगतलं होतं," वच्छला म्हणाली. "हे असेच हायेत. अन् तापट बी हाय मी, ते बी आताच सांगून देते. मागून तक्रार नोको."

गुणवंतरावांनी टोपी चढवली आणि निघाले. पोरगा बिचारा पोह्यांकडे बघत बघत मागून गेला.

मग सोमाजी! आधी वच्छलावर, मग आशाबाईंवर आणि मग अंगणात उभ्या लटारूवर. "तू! उचल तुही भट्टी, अन् निघ गावातून!"

"उचलतो काकाजी. पन एक बोलू द्या." लटारूचा हात खिशातल्या मुठीवर घट्ट. "पोरगी मले द्या."

"काय?" सोमाजींचा आवाज फाटला. "भरल्या पाहुन्यात माही इज्जत घालवली, अन् वरून पोरगी मांगते? सारं त्या केसायनं केलं! आमच्या खानदानात असे केस कोनाचेच—"

"माहे हायेत."

कुणाला कळेचना कोण बोललं. आशाबाईंनी ताट खाली ठेवलं. पदर मागे सारला, अंबाड्याचे आकडे एकेक करून उपसले आणि भुईवर टाकले. तेलाने चोपून बसवलेले केस खाली सुटले… आणि सुटताच, इतक्या तेलातही, त्यांची टोकं हळूहळू वर वळली. गोल. काकडीच्या तणाव्यासारखी.

"माह्या मायनं सांगतलं होतं, नवऱ्याले दाखवजो नोको, घरात टिकू देनार नाई. म्हनून तेल चोपलं. जन्मभर चोपलं! अन् तुमी या पोरीले रोज इचारता, कुठून आनले, कुठून आनले…" आशाबाई कधी मोठ्याने बोलत नसत. आता मात्र कुडापलीकडच्या कमळालाही ऐकू गेलं. "माह्याकडून आनले! अन् मी तिले बी तेच शिकवून राह्यली होती, लपवाले!"

सोमाजी उभे होते ते ओसरीच्या खांबाला टेकले. 

"मले काऊन नाई दाखवले?" ते ओरडले. ओरडायला सुरुवात तर केली, पण आवाज मध्येच ओला झाला. "इतके वर्ष! मी काय गुणवंतराव हाय?"

 आशाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, डोक्यावर मात्र घेतला नाही.

दुपारी धुकं विरलं. आशाबाई भर उन्हात, अंगणात, शिकेकाई लावून न्हायल्या. तेल निघता निघेना. मग ओले केस घेऊन पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा हो, लेकीपुढे येऊन बसल्या.

"सरळ करू, माय?" वच्छलाने विचारलं.

"करून तर पाह्य!" आई म्हणाली.

मग वच्छलाने जवस उकळून त्याचं चिकट पाणी गाळलं, आईच्या केसांना चोळलं, फणी बाजूला ठेवली आणि बोटांनी एकेक बट मोकळी केली. कुरळे केस ताणायचे नसतात, वाऱ्यालाही लांबूनच येऊ द्यायचं असतं. सोमाजी दारात तांब्या पुसत बसले होते. तोच तांब्या, पुन्हा पुन्हा.

"लटारू," ते तांब्याकडे बघत गुरगुरले, "भट्टी राहू दे. अर्धे भांडे तसेच हायेत. अन् नागभीडले जाशील तर… तुह्या मायले घेऊन येजो. मले बोलाचं हाय."

लटारूने खिशातून मूठ काढली. हातात धरून धरून ती गरम झाली होती. त्याने ती पंख्याला बसवली आणि वच्छलाकडे बघितलं.

"हळू फिरव," ती म्हणाली. "राख उडन."

"उडाली तर?"

"मारीन."

"रोज?"

वच्छलाने वर बघितलं नाही. कपाळावर आठी तशीच, बोटं आईच्या केसांत. पण कान… कान लाल झाले होते, आणि हे लटारूने बघितलं.

"रोज," ती म्हणाली.