तीन कुलीन ब्रेक पॅड

तळेगावच्या वाहन-अपघात प्रयोगशाळेत टेबलावर चार ब्रेक पॅड ओळीनं मांडले होते आणि डॉ. हेमांगी सबनीस त्यांतल्या तिघांकडे उष्ट्या ताटाकडे बघावं तसं बघत होत्या.

तिन्ही पॅड गाडी बनवणाऱ्या अश्वमित्र कंपनीचेच, ओरिजिनल. दोन वर्षं चाललेले, तरी जाडी नव्यासारखी. वरचा पृष्ठभाग मात्र काचेसारखा गुळगुळीत झालेला. चौथा बाजारातला, लोकल. दोनच महिन्यांत निम्मा झिजलेला, खरखरीत, कडांचे टवके उडालेला. यातला वाईट कोणता असं विचारलं, तर कुणीही चौथ्याकडे बोट दाखवलं असतं. पोलिसांनीही तेच केलं होतं.

अपघात पसरणी घाटातला. सुहास तांबट पाचगणीहून वाईकडे उतरत होता. वळणापलीकडे रस्त्यात बंद पडलेला ट्रेलर दिसला. त्यानं ब्रेक पूर्ण दाबला, गाडी गर्रकन डावीकडे फिरली आणि कठड्यावर आदळली. सुहास जागीच गेला. लोकल पॅड होता तो नेमका पुढच्या डाव्या चाकाला.

तो बसवायचा निर्णय त्याच्या बायकोचा, रोहिणीचा. मूळचा पॅड खड्ड्यातल्या दगडानं फुटला होता, कंपनीचा नवा मिळायला तीन आठवडे लागणार होते आणि तिला रोज साताऱ्याला कॉलेजात शिकवायला जायचं होतं. गाडीही तिच्याच नावावर होती. नव्या कायद्यानुसार वाहनात प्राणघातक भाग बसवणं किंवा राहू देणं हा मालकाचा गुन्हा होता आणि त्याला तुरुंगवास होता. घरी तर निकाल केव्हाच लागला होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. पोराची काय इच्छा राहिली म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले, तेव्हा सासूबाईंनी हात जोडून सगळ्यांदेखत सांगितलं, "सुहास, तिला शिक्षा झाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही." लगेच कावळा शिवला. कावळ्याला बिचाऱ्याला काय, भूक लागली असेल. पण नातेवाइकांना तेवढा पुरावा पुरला.

पॅड तपासायला आले त्याच दिवशी अश्वमित्रचा मुख्य अभियंता अभिराम धोत्रे प्रयोगशाळेत हजर झाला. तो सबनीसांचा कॉलेजातला वर्गमित्र. कडक इस्त्री, अत्तराचा भपकारा आणि तोंडभर हसू. त्यानं खुर्ची ओढून घेतली आणि या साध्या प्रकरणात तू एवढा वेळ कशाला घालवतेस, असं आपुलकीनं विचारलं.

साधं वाटण्याचं कारण कुलकण. अश्वमित्रच्या प्रत्येक भागात, तो साच्यात असतानाच, खसखशीहून लहान असा एक कण पेरला जाई. गाडीच्या संगणकानं विचारलं की तो आपलं कूळ सांगे: जन्म कुठल्या कारखान्यातला, तारीख कोणती, जाडी किती उरली. पडद्यावर त्या चाकापुढे सोनेरी अक्षरांत 'कुलीन' असं उमटे. कुलकण नसलेल्या भागापुढे लाल अक्षरांत 'अनोळखी' येई आणि संगणक त्याचं झिजणं, तापणं, घसरणं क्षणाक्षणाला नोंदवत बसे. आपल्या लोकांना हे इतकं आवडलं की विचारू नका. शोरूमवाले नव्या पार्टला हळदकुंकू लावून, सोबत त्याची छापील कुलपत्रिका देऊ लागले आणि चांगली शिकलेली माणसं ती चौकट करून हॉलमध्ये टांगू लागली. रबराचं आणि लोखंडाचंही कूळ बघायचं आपण सोडलं नाही, हे बघून कुणालाही ओकारी यायला हवी होती. कुणालाच आली नाही.

"तुमचा कण जाडी मोजतो," सबनीस म्हणाल्या. "पकड मोजतो का?"

"पकड वेगळी कशाला मोजायची? पॅडचा मसाला आमचाच असतो. मसाला माहीत, जाडी माहीत, म्हणजे पकड कळलीच की."

"आणि मसाला बदललात तर?"

धोत्रेचं हसू किंचित आखडलं. दोन वर्षांपूर्वी पॅडमधलं चिकटद्रव्य बदललं होतं, पण तो किरकोळ फरक होता, असं तो म्हणाला.

सबनीसांनी एक ओरिजिनल पॅड त्याच्यापुढे सरकवला आणि बोट फिरवून बघायला सांगितलं. नवं चिकटद्रव्य तापलं की वर येतं आणि आळून त्याची साय धरते, असं त्यांनी समजावलं. या विजेवरच्या गाड्यांत एरवी मोटरच वेग उतरवते, पॅडला फारसं काम नसतं, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात येत नाही. मोटरला जमत नाही तेव्हाच, म्हणजे बॅटरी भरलेली असताना लांब उतारावर किंवा अचानक थांबताना, सगळी भिस्त पॅडवर येते.

"आणि तेव्हा हा घसरतो," त्या म्हणाल्या. "घासत नाही म्हणून झिजत नाही. झिजत नाही म्हणून तुमचा कण सांगतो, अठ्ठ्याण्णव टक्के उत्तम. अभिराम, तुमचा पॅड जितका नालायक, तितके त्याला गुण जास्त."

धोत्रेनं शांतपणे रुमालाला बोट पुसलं. लोकल पॅड महिन्या-दोन महिन्यांत झिजतात अशा हजारो तक्रारी आमच्याकडे आहेत, त्यांचं काय, असं त्यानं विचारलं.

"झिजणारच. तीन कुलीन मंडळी बसून असतात आणि गाडी तो एकटा थांबवत असतो."

यावर धोत्रेनं वाद घातला नाही. त्यानं फक्त तपासाच्या पद्धतीची आठवण करून दिली. संशयित भागाचीच मोजणी करायची आणि ती ओरिजिनल भागाशी ताडून बघायची. संशयित कोण, हे सरकारची अपघात-चौकशी समिती ठरवते आणि समिती कुलकण बघून ठरवते. ओरिजिनल भाग हे माप असतं. आणि माप कधी कुणी मोजत नाही. एवढं बोलून, सबनीसांच्या मुलीची चौकशी करून, तो निघून गेला. तो गेल्यावर सबनीसांनी खिडक्या उघडल्या.

पद्धत गेली खड्ड्यात, असं म्हणून त्यांनी चारही पॅड यंत्रावर चढवले. फिरत्या चकतीवर एकेक पॅड दाबायचा आणि चकती किती लवकर थांबते ते बघायचं, इतकं सोपं काम. तिन्ही ओरिजिनल पॅड बारीक शिट्टी वाजवत घसरत राहिले. लोकल पॅडनं चकती कचकन धरली. त्यांनी तो प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि प्रत्येक वेळी तेच झालं. घाटात एकाच चाकाचा ब्रेक लागला होता, बाकी तीन चाकं तशीच पुढे धावत होती, म्हणून गाडी त्या एका चाकाभोवती फिरली. सबनीसांना वाटलं, सुटली रोहिणी. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं स्वच्छ उत्तर त्यांना क्वचितच मिळालं होतं.

समितीची बैठक पुण्यात झाली. अध्यक्ष गद्रे हे निवृत्त सनदी अधिकारी, अतिशय सभ्य. त्यांनी सबनीसांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रोहिणी मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. मग धोत्रे उठला आणि सबनीसांचे सगळेच्या सगळे आकडे त्यानं मान्य करून टाकले.

"आता एकच प्रश्न, मॅडम," तो अदबीनं म्हणाला. इथे त्यानं अगंतुगं सोडून दिलं होतं. "तीन पॅड अगदी एकसारखे वागले. चौथा त्यांच्यासारखाच वागला असता, तर गाडी फिरली असती?"

सबनीसांना तो कुठे चाललाय ते कळलं, पण उत्तर बदलता येणार नव्हतं. "नाही. सरळ गेली असती. सरळ ट्रेलरवर."

"ट्रेलर हा आपला विषय नाही," गद्रे मऊ आवाजात म्हणाले. "मृत्यू कठड्यावर झाला आहे."

अर्ध्या तासात निष्कर्ष तयार झाला. तिन्ही मूळ पॅडचं वर्तन परस्परांशी जुळणारं. चौथ्याचं न जुळणारं. अपघाताचं कारण हे न जुळणं. म्हणजे ब्रेक लागला, हाच त्या ब्रेकचा दोष. घसरणं हे माप ठरल्यावर धरून ठेवणारा गुन्हेगार ठरणार, यात तर्काची चूक एकही नव्हती आणि त्याचीच सबनीसांना सगळ्यात जास्त किळस आली. रोहिणीला सोडवायला म्हणून त्यांनी जे आकडे काढले, त्याच आकड्यांनी तिला अडकवलं होतं. समितीनं आणखी एक शिफारस केली. राज्यातल्या सगळ्या अश्वमित्र गाड्यांमधले लोकल पॅड तातडीनं काढून टाकावेत. बाहेर पडताना धोत्रेनं सबनीसांना चहाला येतेस का विचारलं. त्याला खरोखरच काही वाटत नव्हतं.

व्हरांड्यात रोहिणी त्यांची वाट बघत उभी होती. सबनीसांनी माफी मागायला सुरुवात केली, पण तिला ती ऐकायची नव्हती.

"मॅडम, मला एवढंच सांगा. मी त्याला मारलं का? सासूबाई म्हणतात तसं?"

सबनीसांना खोटं बोलता आलं असतं. "तुम्ही लोकल बसवला म्हणून तो गेला नाही, रोहिणीताई. एकच बसवला म्हणून गेला. चारही तसलेच असते, तर गाडी ट्रेलरच्या अलीकडे सरळ उभी राहिली असती."

 रोहिणी म्हणाली, गॅरेजवाल्यानं चारही बदलू का म्हणून विचारलं होतं. पडद्यावर तिघांपुढे कुलीन, अठ्ठ्याण्णव टक्के असं दिसत होतं. चांगल्या घरच्या वस्तू कशाला फेकायच्या, असं तिला वाटलं होतं. हे सांगताना तिचा चेहरा कडू औषध गिळल्यासारखा झाला. मग ते तीन पॅड कधीच संशयित होणार नाहीत का, असं तिनं विचारलं.

सबनीस म्हणाल्या, समितीपुढे नाही. कोर्टात एक कलम आहे. आरोपीनं गुन्हा कबूल केला, तर कबुलीत ज्या भागाचं नाव येईल त्याची मोजणी करावीच लागते, तो कुणाचाही असो. बचावात घेतलेलं नाव चालत नाही. "पण ते कलम आजवर कुणी वापरलेलं नाही. आपल्याच गळ्यात फास कोण घालून घेईल?"

रोहिणीनं मान हलवली आणि ती एसटी पकडायला निघून गेली.

साताऱ्याच्या कोर्टात सबनीस साक्षीदार म्हणून हजर होत्या. सरकारी वकिलाशेजारी धोत्रे बसला होता. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं. रोहिणीचा वकील नाही म्हणायला अर्धा उठलाही होता.

"कबूल आहे," रोहिणी म्हणाली. "प्राणघातक भाग मी गाडीत राहू दिले. अश्वमित्र कंपनीचे तीन ब्रेक पॅड. पुढचा उजवा, मागचे दोन. बदलायची संधी होती, मी बदलले नाहीत."

सासूबाई शेजारणीला विचारू लागल्या, ही काय म्हणाली. न्यायाधीशांनी कायद्याचं पुस्तक मागवून कलम दोनदा वाचलं आणि लेखनिकाला लिहून घ्यायला सांगितलं, की तिन्ही पॅड संशयित म्हणून मोजणीला पाठवावेत, आणि त्याच बनावटीचे राज्यातले बाकीचेही. धोत्रे पहिल्यांदाच घाईघाईनं उठला.

"साहेब, ते ओरिजिनल आहेत."

"असू देत," न्यायाधीश म्हणाले.

मापच संशयित ठरल्यामुळे लोकल पॅड काढायचं काम त्याच दुपारी थांबवण्यात आलं. रोहिणीला मात्र जामीन मिळाला नाही, कारण गुन्हा तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केला होता. पोलीस तिला घेऊन निघाले, तेव्हा सासूबाई जागेवरून उठल्या नाहीत. जे मागितलं होतं ते त्यांना मिळालं होतं.