दही-साखर आणि केंद्रक नसलेली मुलगी

अंबाजोगाईच्या त्या शाळेत प्रात्यक्षिक परीक्षेची हजेरी आता गालातून घेत. चेहरा बदलता येतो, बोटाचा ठसा चोरता येतो; पण गालाच्या आतल्या पेशी उसन्या आणता येत नाहीत, असं कुठल्याशा समितीचं मत पडलं होतं. कापसाची काडी गालात फिरवायची आणि दारातल्या पेशीवाचकात खुपसायची. पेशी एकमेकींना रसायनांतून जे निरोप देतात, ते हे यंत्र मराठीत बोलून दाखवतं. बहुतेकांच्या पेशी "हजर" म्हणून गप्प बसत.

सातवीतल्या निहारिका डोईफोडेची काडी आत गेली.

"केंद्रक नाही," यंत्र नम्रपणे म्हणालं. "पेशीभित्तिका आहे. परीक्षार्थी माणूस नाही. कृपया बाजूला व्हावे."

"मला पहिलीपासून संशय होता," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"बाई, मी माणूसच आहे हो!"

लोमटे बाईंनी चष्मा वर करून तिला नीट पाहिलं. "मला दिसतंय गं. पण हजेरी ते लावतं. आणि घंटा झाली की दार आपोआप बंद. मग विज्ञानात सरळ शून्य."

निहारिकाचे डोळे भरून आले. "परत एकदा बघा ना."

बाईंनी तीच काडी पुन्हा खुपसली. या वेळी आतून लग्नघरासारखा कालवा ऐकू आला. "आम्ही पुष्कळ आहोत! अजून साखर आहे का?"

"साखर?" निहारिकाने डोळे पुसले.

सकाळी ती दही-साखर न खाताच निघाली होती. आई वाटी घेऊन गेटपर्यंत धावत आली. परीक्षेला असं कोणी जातं का? "नको" म्हणायला निहारिकाने तोंड उघडलं, तेवढ्यात चमचा आत.

"बाई, निळा लिटमस द्या!" तिने काडी कागदाला टेकवली. कागद लाल झाला. "आम्ल आहे. दह्यातले जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात. जिवाणूंना पेशीभित्तिका असते, पण पटलात गुंडाळलेलं केंद्रक नसतं. माझ्या गालाच्या पेशींचं बरोबर उलटं. बाई, हे आमचं दही बोलतंय!"

"हे आत जाऊन लिहायचं असतं," बाई म्हणाल्या. "चूळ भर आधी. पळ!"

तिने खळखळून चुळा भरल्या, गाल घासून नवी काडी आणली.

"केंद्रक आहे. पेशीभित्तिका नाही. निहारिका डोईफोडे." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. यंत्र मात्र अडलं. "आणखी काही जण बोलू इच्छितात."

"आम्ही दह्यातले नाही," बारीक आवाज आले. "आम्ही हिच्या तोंडात लहानपणापासून राहतो. अभ्यासालाही आम्ही सोबत होतो. काल ही रडली, तेव्हाही."

"या देहात हिच्या पेशी आणि यांच्यासारख्या जिवाणूंच्या पेशी संख्येने साधारण सारख्याच भरतील," यंत्र म्हणालं. "हजेरी कोणाची लावू?"

घंटा झाली. दार सरकू लागलं. बाईंनी चप्पल काढून फटीत घातली.

निहारिकाने जिभेने हळूच गाल चाचपला. कोणाला लागू नये, अशा बेताने.

"सगळ्यांची लावा," ती म्हणाली आणि आत शिरली.

यंत्राने हजेरी लावली, थोडा विचार केला आणि बाईंना विचारलं, "मग मार्क कोणाला देणार?"